पांढरी सातमधली मोटारसायकल

यामाहा आरएक्स १०० चा कार्बोरेटर सोडवला की त्याच्या मागे, सिलिंडरच्या तोंडाशी, मुठीत मावेल एवढा एक ठोकळा दिसतो. त्यावर पातळ पट्ट्या. प्रत्येक पट्टीचं एक टोक स्क्रूने आवळलेलं, दुसरं मोकळं. कार्बोरेटरच्या बाजूने फुंकर घातली की मोकळं टोक उचललं जातं आणि हवा आत शिरते. उलट बाजूने फुंकलं तर पट्टी जागेवर चिकटून बसते. मेकॅनिक याला रीड म्हणतात. हार्मोनियमचं झाकण उघडून आतल्या पितळी पट्ट्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला हा ठोकळा लगेच ओळखीचा वाटेल. पेटीतली पट्टी आपल्या फटीतून आरपार झुलते आणि सूर देते, इंजिनातली एकाच अंगाला उघडते. पण दोघींना हलवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे पट्टीच्या दोन बाजूंना हवेच्या दाबात पडलेला फरक.

आणि गंमत अशी की ज्याच्या नावाची ही गाडी, तो माणूस पेटीवालाच होता. तोराकुसु यामाहा हा वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करणारा कारागीर. १८८७ साली जपानमधल्या हामामात्सुच्या एका शाळेतला बिघडलेला रीड ऑर्गन त्याच्याकडे दुरुस्तीला आला. आपल्या संगीत नाटकांना साथ करायचा तोच हा पायाने भाता हलवायचा ऑर्गन. त्याने तो उघडला, समजून घेतला आणि स्वतःच एक बनवला. मग एका सोबत्याला घेऊन तो ऑर्गन खांद्यावर टाकून हाकोनेचा घाट ओलांडत तोक्योपर्यंत, सुमारे २५० किलोमीटर, पायी नेला. तिथल्या संगीत संस्थेने सांगितलं की बांधणी चांगली आहे, पण सूर जुळलेले नाहीत. यामाहा तिथेच थांबून संगीताचे धडे गिरवू लागला. परत आला तो ट्यूनिंग फोर्क हाती धरून, सूर मोजून ऑर्गन बनवायला. तुमच्या गाडीच्या टाकीवरच्या बिल्ल्यात एकमेकांवर ठेवलेले तीन काटे दिसतात ते हेच ट्यूनिंग फोर्क.

पेटीच्या रीडमधून मोटारसायकलचा रीड व्हॉल्व्ह निघाला असा इतिहास कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. असे व्हॉल्व्ह दुसऱ्यांच्या इंजिनांतही होते, आणि यामाहाने ते आपल्या गाड्यांत सर्रास घालायला सुरुवात केली ती १९७० च्या दशकात. मधल्या काळात या वाद्यांच्या कंपनीने युद्धासाठी विमानांचे पंखे बनवले, युद्ध संपल्यावर ती यंत्रं रिकामी पडली, आणि त्यांचं काय करायचं या विचारातून १९५५ साली वायए-१ ही १२५ सीसीची मोटारसायकल आली. तरीही आरएक्सचं इंजिन घरी खोलून बसलेल्या माणसाला हा योगायोग सोडवत नाही. कारण टू-स्ट्रोक इंजिन हे यंत्र असलं तरी ते दुरुस्त करताना खरं काम वाद्याचंच असतं. त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग हवा आहे, आणि तो कुठल्याच स्पेअर पार्टच्या दुकानात मिळत नाही.

हे कसं, ते पाहायला इंजिनाच्या आत शिरावं लागेल. फोर-स्ट्रोक इंजिनात हवा कधी आत घ्यायची आणि धूर कधी बाहेर सोडायचा हे व्हॉल्व्ह ठरवतात, आणि त्यांना उघडायला कॅमशाफ्ट, चेन, स्प्रिंग असा मोठा कारभार लागतो. आरएक्समध्ये यातलं काहीच नाही. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या कोरलेल्या आहेत, पिस्टन वरखाली होताना त्या उघडतो आणि झाकतो. पिस्टन वर चढतो तेव्हा त्याच्या खाली, क्रँकच्या पेटीत, पोकळी होते. रीड उचलतो आणि पेट्रोलमिश्रित हवा त्या पेटीत येते. पिस्टन खाली येतो तेव्हा ती हवा दाबली जाते, रीड बंद होतो, आणि बाजूच्या वाटांनी ती पिस्टनच्या वर जाते. त्याच वेळी समोरच्या मोठ्या खिडकीतून मघाचा जळका धूर बाहेर पडत असतो.

म्हणजे येणारा आणि जाणारा एकाच वेळी एकाच खोलीत, आणि दार उघडं. नवी हवा धुराबरोबर बाहेर का निघून जात नाही? थोडी जातेच. टू-स्ट्रोकचा मूळ दोष तो, आणि तो मला लपवायचा नाही: न जळलेलं पेट्रोल आणि तेल थेट रस्त्यावर. पण बरीचशी हवा आत राहते, आणि याचं श्रेय आधी श्न्युर्ले नावाच्या जर्मन अभियंत्याला. त्याने १९२० च्या दशकात बाजूच्या वाटांना असा तिरका रोख दिला की हवेचे झोत धुराच्या खिडकीकडे पाठ करून मागच्या भिंतीवर आदळतात, वर चढतात आणि वळसा घेऊन खाली येतात. सिलिंडर धुऊन, उन्हात धरून त्या वाटांत डोकावून पाहा. प्रत्येक वाट कुठे वळली आहे, हे ओतकामातच ठरवलेलं दिसतं. तिथे जमलेला काळा थर खरवडताना हात जपून चालवायचा तो यासाठी.

उरलेली किमया सायलेन्सरची. ती सांगण्याआधी थोडं गणित, कारण या गणिताने मला जेवढा आनंद दिला आहे तेवढा फार थोड्या गोष्टींनी दिला असेल.

आरएक्स १०० ची कमाल ताकद, ११ अश्वशक्ती, मिनिटाला ७,५०० फेऱ्यांवर मिळते. म्हणजे सेकंदाला १२५. टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला एक स्फोट, म्हणून सेकंदाला १२५ स्फोट. आता पेटीवाल्याला विचारा. सेकंदाला साधारण एकशे साडेतेवीस कंपनं म्हणजे मंद्र सप्तकातली पांढरी सात. भरधाव आरएक्स जो सूर धरते तो त्याच्या अगदी अंगाला लागून आहे. त्यावर असंख्य स्वरांश आणि पत्र्याची खणखण चढलेली असते हे खरं, पण पाया तोच. आणि तेवढ्याच फेऱ्यांवर चालणारं एक सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन? तिथे दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे सूर बरोबर निम्मा, एक सप्तक खाली. लांबून येणारी गाडी टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, हे न बघता ओळखणारी मुलं नकळत सप्तकच ओळखत असतात.

गाडी उभी असताना तीच आरएक्स मिनिटाला तेराशेच्या आसपास फिरते, सेकंदाला बावीस ठोके. माणसाच्या कानाला अखंड सूर ऐकू येण्याची खालची हद्द साधारण वीस कंपनांची. उभी आरएक्स जेमतेम त्या हद्दीवर, म्हणून तिची टकटक सुटी सुटी ऐकू येते आणि ॲक्सिलरेटर पिळला की ठोके एकमेकांत मिसळून सूर होतात. बुलेट उभी असताना सेकंदाला आठेकच ठोके देते, ती हद्दीच्या पुष्कळच खाली. तिचा रुबाब त्या मोकळ्या जागांत आहे.

आता सायलेन्सर. सेकंदाला १२५ फेऱ्या म्हणजे एका फेरीला आठ मिलिसेकंद. धुराची खिडकी साधारण अर्धी फेरी उघडी राहते असं धरू, म्हणजे चार मिलिसेकंद. खिडकी उघडताच धूर बाहेर झेपावतो आणि त्याच्यापुढे दाबाची एक लाट नळीतून धावते. तापलेल्या वायूत लाटेचा वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या घरात असतो. चार मिलिसेकंदांत ती दोन मीटर कापते. म्हणजे मीटरभर जाऊन मीटरभर परत येते. नळी जिथे रुंदावते तिथून लाटेचा एक भाग उलटा, शोषण बनून परततो आणि सिलिंडरमधला धूर खेचून घेतो. त्याच्या मागोमाग थोडी नवी हवाही नळीत ओढली जाते. पुढे नळी जिथे अरुंद होते तिथून दुसरा भाग दाब बनून परततो, आणि पिस्टन खिडकी झाकायच्या क्षणभर आधी ती बाहेर सांडलेली हवा पुन्हा आत ढकलतो. कुठलाही हलता भाग नाही, नुसता पत्र्याचा आकार, आणि काम व्हॉल्व्हचं.

हा आकार शास्त्र म्हणून बसवला तो वॉल्टर काडेनने. युद्धकाळात पेनेम्युंडेला क्षेपणास्त्रांवर काम केलेला हा अभियंता पुढे पूर्व जर्मनीत त्शोपाउ गावच्या एमझेड कारखान्यात लागला. पैसा नाही, चांगलं पोलाद नाही. पण त्याने ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर नळीतल्या लाटा बघितल्या. १९६१ पर्यंत त्याच्या १२५ सीसीच्या रेसिंग इंजिनाने २५ अश्वशक्ती गाठली. लिटरमागे २००, तेही हवा भरणारा पंप न लावता. त्याच वर्षी स्वीडनमधल्या शर्यतीनंतर त्याचा प्रमुख स्वार एर्न्स्ट डेगनर पूर्व जर्मनीला परतलाच नाही. बायकामुलं गाडीच्या डिकीत लपून सीमेपार आली होती. डेगनर गेला सुझुकीकडे आणि काडेनची विद्या बरोबर घेऊन गेला. १९६२ साली ५० सीसी गटात त्याने सुझुकीला पहिलं जागतिक अजिंक्यपद मिळवून दिलं. पुढची काही दशकं जपानी टू-स्ट्रोक गाड्यांनी जे साम्राज्य उभं केलं त्याच्या पायात त्शोपाउचा दगड आहे. आणि वायए-१, यामाहाची ती पहिली गाडी, कशावरून बेतली होती? डीकेडब्ल्यूच्या आरटी १२५ वरून. ती बनली होती त्याच त्शोपाउत, त्याच कारखान्यात.

भारतात आरएक्स १०० आली १९८५ साली, एस्कॉर्ट्सच्या कारखान्यातून. त्या दोन-तीन वर्षांत चार जपानी कंपन्या चार भारतीय भागीदारांचा हात धरून उतरल्या होत्या: टीव्हीएसबरोबर सुझुकी, हीरोबरोबर होंडा, एस्कॉर्ट्सबरोबर यामाहा आणि पुण्याच्या बजाजबरोबर कावासाकी. होंडाची १०० सीसीची गाडी सात-साडेसात अश्वशक्तीची आणि पेट्रोल पुरवून पुरवून खाणारी. मध्यमवर्गाने हिशेब करून ती घेतली. आरएक्सच्या १०३ किलो वजनाला ११ अश्वशक्ती मिळाली होती, म्हणून हिशेब न करणाऱ्यांनी ती घेतली. १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. धुराचे नियम कडक होत होते आणि त्यांच्यापुढे ती टिकणार नव्हती.

अशी एखादी गाडी गोठ्यातून किंवा जिन्याखालून बाहेर काढली की पहिली लढाई स्क्रूंशी होते. जपानी गाडीवरच्या चौफुलीच्या स्क्रूंची खाच आपल्या नेहमीच्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरसाठी नसते. तिचे कोन वेगळे असतात. ती जपानी मानकाची असते. अनेकदा स्क्रूच्या माथ्यावर एक बारीक ठिपका असतो, तीच खूण. फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर सरकतं आणि खाच गोल करून टाकतं. जपानी मापाचं टोक घ्या आणि हातोडीने मारून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. तरीही स्क्रू हलला नाही तर भोवतालचं ॲल्युमिनियम गरम करा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरतं, भोक सैल होतं.

टाकीतला गंज काढायला रसायनांची महागडी बाटली लागत नाही. पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरीचा चार्जर आणि साध्या लोखंडाची सळई पुरते. टाकी ऋण टोकाला, सळई धन टोकाला, आणि सळईचा टाकीला कुठेही स्पर्श नाही. थोड्या वेळात टाकीच्या आतून बारीक बुडबुडे उठू लागतात, तांबडा गंज सुटा होऊन काळा गाळ उरतो, आणि सळई हळूहळू खंगत जाते. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तेव्हा हे काम उघड्यावर आणि विडी-काडीपासून लांब. सळई स्टेनलेस स्टीलची मात्र कदापि नको. त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरून विषारी होतं.

चकाकत्या क्रोमचंही असंच एक गुपित आहे. मडगार्डवर जे चमकतं त्यात क्रोमचा थर एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. गंजापासून राखण करतो तो त्याखालचा कितीतरी जाड निकेलचा थर. स्वस्तात प्लेटिंग करून देणारा नेमका निकेलमध्ये हात आखडतो. पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच चमकतात, एक पावसाळा गेला की फरक कळतो. कोकणात अर्ध्या पावसाळ्यातच.

पण हे सगळं बाहेरचं. परत हवेकडे येऊ. क्रँकची पेटी पंपाचं काम करते म्हटल्यावर ती हवाबंदच हवी, आणि क्रँकचा दांडा तर दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. तिथे दोन रबरी ऑइल सील असतात. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ते वाळून कडक होतात. उजवीकडचं, क्लचच्या बाजूचं सील गेलं तर पेटी गिअरबॉक्समधलं तेल ओढून घेते आणि मागून पांढऱ्या धुराचे लोट निघतात. डावीकडचं, मॅग्नेटोच्या बाजूचं गेलं तर चोरवाटेने नुसती हवा आत येते, पेट्रोल कमी पडतं, आणि गाडी ॲक्सिलरेटर सोडला तरी खाली यायला तयार नसते. लोक कार्बोरेटर बदलत बसतात. एका बाजूचा धूर, दुसऱ्या बाजूचा हट्ट, आणि दोन्हींचं मूळ मूठभर रबर. निदानाचं इतकं सुंदर उदाहरण डॉक्टरीच्या पुस्तकातही विरळाच सापडावं.

चोरवाटेच्या हवेचं दुसरं टोक म्हणजे पिस्टन जाम होणं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली जागा मिलिमीटरच्या तीन-चार शतांशांची, माणसाच्या केसापेक्षा कमी. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरची आतली भिंत बिडाची. पेट्रोल कमी पडून इंजिन तापलं की पिस्टन भिंतीपेक्षा जास्त फुगतो, ती जागा संपते, आणि मागचं चाक धावत्या रस्त्यावर अडकतं. घाट उतरताना हा धोका वेगळ्याच वाटेने येतो. आरएक्समध्ये तेलाचा पंप ॲक्सिलरेटरच्या केबलला जोडलेला असतो. उतारावर ॲक्सिलरेटर बंद, पण गिअरमुळे इंजिन मात्र जोरात फिरतंय, म्हणजे तेल कमी आणि घर्षण जास्त. जुने स्वार उतारावर मधूनमधून ॲक्सिलरेटर पिळतात त्याला कारण आहे.

ओरखडे पडलेलं सिलिंडर लेथवाल्याकडून बोअर करून घ्यावं लागतं. मूळ माप ५० मिलिमीटर, पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने मोठे मिळतात. इथे एक सल्ला: आधी पिस्टन विकत घ्या, तो मोजायला द्या आणि त्याच्या मापाने बोअर करायला सांगा. डब्यावर छापलेल्या मापावर कुणी विसंबू नये. रिंग बसवताना खाचेतली इवलीशी पिन शोधा. तिच्यामुळे रिंग फिरत नाही. फिरली असती तर तिचं टोक एखाद्या खिडकीत अडकून तुटलं असतं.

आता बदल करण्याची हौस. हँडल, सीट, दिवा, रंग. जे नटबोल्टने लागतं आणि नटबोल्टने निघतं त्यात खुशाल रमा. इंजिनाच्या बाबतीत माझं मत कडवट आहे. 'पोर्टिंग' म्हणजे धुराची खिडकी वर कोरणं. ती एक मिलिमीटर वर नेली की मिळून सुमारे साडेचार अंश जास्त वेळ उघडी राहते, भरधाव वेगात मिलिसेकंदाचा दहावा भाग. एवढ्याने ताकदीचा पट्टा वर सरकतो आणि शहरात, जिथे गाडी खरी चालते, ती मेंगळट होते. कोरलेला धातू परत भरता येत नाही. सायलेन्सरची पुंगळी काढून टाकणाऱ्यांचं तर हसूच येतं. आवाज फाटतो, त्यामुळे वेग वाढल्याचा भास होतो, आणि लाटांचं जुळवलेलं गणित बिघडून गाडी बहुधा मंदावलेली असते.

कायदाही याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी आरसीचा मेळ बसणार नाही असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठणकावलं. 'व्हिंटेज' हा शब्द आपण सैल वापरतो, पण २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच व्हिंटेज. पहिली आरएक्स त्या वयाला पोचेल २०३५ साली. तेव्हा जुना सायलेन्सर, मूळ हँडल, मिकुनीचा मूळ कार्बोरेटर भंगारवाल्याला देऊ नका. तेल लावून, चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवा. एक अडचण आहे: व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी त्या नियमांनुसार रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं अशा मोजक्या कामांपुरती. हा मान आपल्या आरएक्सला मिळवून द्यायचा की नाही, याचा विचार करायला अजून काही वर्षं हातात आहेत.